फरक काढणारा गुरुदास

दत्तारामच्या वडिलांच्या दहाव्याला कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. आम्ही सगळे मागे सरून खडपवाडीच्या किनाऱ्यावर उभे होतो. कावळे नव्हते असं नाही, चिकार होते. माडाच्या झावळ्यांवर ओळीने बसून आमच्याकडे पाहत होते, पण खाली यायला एकही तयार नव्हता. दत्ताराम रडवेला झाला. बापाची कोणती इच्छा राहिली असेल ते तो मोठ्याने आठवू लागला. होडीला नवं इंजिन बसवतो म्हणाला, शेजाऱ्यांची अडवलेली वाट मोकळी करून देतो म्हणाला, शेवटी वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या धाकट्या भावाशी बोलतो असंही म्हणाला. कावळे ढिम्म. तेवढ्यात गर्दीतून गुरुदास मोंडकर पुढे आला.

"दत्त्या, तुझ्या बापाशीचा कायएक ऱ्हवलेला नाय," तो म्हणाला. "माळगण्यात पिंड ठेवलो काय कावळो डोक्यार बसाक येता. थयचे कावळे उपाशी. आमचे सकाळीच रापणीर मासे जेवान इलेत. तेंका भात कित्याक व्हयो?"

दहाव्याला हसू नये म्हणून लोक समुद्राकडे तोंड करून खोकू लागले. दत्तारामने धाकट्याशी बोलायचा बेत तिथल्या तिथे रद्द केला. मात्र त्या रात्री तो कित्येक दिवसांनी शांत झोपला, हे त्याच्या बायकोनेच नंतर सांगितलं.

वाडीत गुरुदासला कोणी गुरुदास म्हणत नसे. त्याला 'फरक' म्हणत. "फरक इलो, विषय बदला," असं मांडवात कुजबुजलं जाई, आणि विषय कितीही बदलला तरी हा त्यातून माळगणे गावाशी तुलना काढीच.

गुरुदास बसलेला मी फार क्वचित पाहिला. जेवायलासुद्धा तो उकिडवा असे आणि एका पायावर भार ठेवी, म्हणजे उठायला बरं. रापणीचं जाळं ओढताना एका टोकाच्या दोराला हात लावून झाला की दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते पाहायला धावे. जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत दोन्ही टोकांच्या माणसांना एकमेकांचे दोष सांगून झालेले असत. त्याची बायको पार्वती मालवणच्या बाजारात मासे विकायची. ती म्हणायची, "माझ्या घोवाक देवान बूड दिल्यान नाय. दोन पाय दिल्यान आणि वर तोंड."

या पायांना आणि तोंडाला एकदम जोडकाम मिळालं ते नव्याण्णव साली. पुण्याहून तेजस्वी नावाची एक मुलगी आली. विद्यापीठात ती मानववंशशास्त्र शिकत होती. म्हणजे माणसं कशी जन्मतात, लग्नं करतात आणि मरतात ते जवळून पाहायचं आणि लिहायचं. आमच्या बायका हे काम विहिरीवर आयुष्यभर करत आल्या होत्या. त्याला विद्यापीठ लागतं ही बातमी मात्र नवीन होती.

तेजस्वीने दोन गावं निवडली होती. एक आमची दर्याकाठची खडपवाडी, दुसरं कुडाळच्या पलीकडचं माळगणे, भाताचं, काजूचं आणि आंब्यांचं. जिल्हा एकच, बोली एकच, देवही थोडेफार एकच, तरी रीती वेगळ्या. दोन्हीकडच्या रीती शेजारी शेजारी ठेवायच्या आणि जिथे त्या जुळत नाहीत तिथे विचारायचं, हे असं का. याला तौलनिक अभ्यास म्हणतात. तिला वाट दाखवायला, ओळखी करून द्यायला माणूस हवा होता. गुरुदासकडे एक जुनी एम-एटी दुचाकी होती आणि घरी थांबायची अजिबात इच्छा नव्हती.

दोन हंगाम ही जोडी लग्नांत, बारशांत, तेराव्यांत फिरली. बिचारीचं लग्न जमत नाही म्हणून ती इतक्या लग्नांना जाते, असा वाडीचा समज झाला. पार्वतीने कळवळून तिच्यासाठी दोन स्थळंही आणली. तेजस्वीने दोन्ही मुलांना मामाचा मान, हळदीचा क्रम, वरमाईची ओटी यांबद्दल इतकं खोदून विचारलं की एक जण मुंबईला निघून गेला आणि दुसऱ्याने लग्नच नको म्हटलं.

मग ती अभ्यास संपवून परत गेली. प्रश्न मात्र गुरुदासकडे राहिला. फरक एवढाच की तेजस्वी प्रश्न विचारून थांबायची, ऐकायची. गुरुदासला थांबायला सवड कुठली? तो प्रश्न विचारी आणि उत्तरही स्वतःच देऊन पुढच्या घरी जाई. आमच्यात लग्नाचा मुहूर्त भरती-ओहोटी बघून मागेपुढे करतात, माळगण्यात नवरा तासभर उशिरा आला तरी कोणी मान वळवून बघत नाही, का? आमच्याकडची बाई भांडण उभ्याउभ्या करते आणि संध्याकाळी विसरते, माळगण्यातली बोलत काही नाही पण पेरणीपासून कापणीपर्यंत धरून ठेवते, का? त्याचा एक सिद्धान्त तयार झाला होता. दर्यावाल्यांना मासा वाट बघत नाही म्हणून सगळं घाईचं, शेतवाल्यांना भात घाई करत नाही म्हणून सगळं सावकाशीचं. हा सिद्धान्त तो मालवणच्या एसटी स्टँडवर कंट्रोलरलासुद्धा सांगे. कंट्रोलर म्हणे, "मगे गाडी लेट कित्याक सुटता ता सांग."

नव्याण्णवपासूनची सात वर्षं अशी मजेत गेली. आणि दोन हजार सहाच्या गणपतीनंतर त्याची मुलगी योगिनी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

योगिनी कुडाळला संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायची. रोज सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळी यायची. बापाचे पाय तिला मिळाले होते, तोंड नाही. ती म्हणाली, "बाबा, माका लगीन करूचा आसा."

"कर की. कोणावांगडा?"

"कौस्तुभ परब. कुडाळाक कारखान्यात आसा. गाव माळगणे. दाजी परबांचो नातू."

गुरुदास उठला आणि त्याने घराला एक फेरी मारली. मग दुसरी. जात वेगळी, घरं वेगळी, त्यांच्या चुलीवर मासा कोणत्या वारी चढतो आणि कोणत्या वारी त्याचं नावसुद्धा निघत नाही, हे सगळं गुरुदासला पाठ होतं. त्या घरात योगिनी सोमवारी भाजीभात गिळत कशी जगेल, ते त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

तिसऱ्या फेरीला पार्वतीने त्याला पडवीत अडवलं. "सात वर्सां फरक फरक करीत गाव पालथो घातलात. आता तोच फरक जावई होवन घरात येता, तर घाम कित्याक फुटता?"

तिकडे माळगण्यातही फेऱ्या चालू होत्या. दाजी परब, म्हणजे कौस्तुभचे आजोबा, गावचे मानकरी. माणूस कमी बोलणारा, आणि जे बोलेल ते देवळात बोलणारा. त्यांनी निरोप पाठवला की माणसांनी भांडत बसण्यापेक्षा देवाला विचारावं. तुमच्या देवीला विचारा, आमच्या रवळनाथाला विचारू. दोन्हीकडे कौल मिळाला तर तोरण मी स्वतः बांधीन. एकाने जरी नाही म्हटलं तर नातवाने गप बसायचं, सावंतवाडीकडचं एक स्थळ सांगून आलेलं आहेच.

कौल म्हणजे देवाचा होकार. ओल्या पाकळ्या पाषाणाला चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि पाकळी काय सांगते ते बघायचं. योगिनीने ते मान्य केलं, पण बापाला बजावलं, "देवान नाय म्हटल्यान तर मी ऐकान. पण तुमी देवाच्या नावान नाय म्हणू नकात."

आमच्या सातेरी देवीने वेळ लावला नाही. आमची रीत अशी, गुरव पाकळी लावतो, कापूर पेटवतो आणि कापूर विझायच्या आत पाकळी खाली पडली की देवीचा होकार. कापूर नीट पेटलाही नव्हता, पाकळी पडली. "बघितलास?" गुरुदास मला म्हणाला. "दर्यावाल्यांची देवी." तरी त्याच्या तोंडावर घाम होताच, कारण अर्धं काम झालं होतं आणि उरलेलं अर्धं माळगण्यात होतं.

नवरात्रानंतरच्या एका सोमवारी आम्ही दोघे एम-एटीवर बसून माळगण्याला गेलो. देऊळ जांभ्या दगडाचं, बाहेर पिंपळ, आत मानकरी मांडी घालून बसलेले. दाजींनी आम्हाला पुढे बसवलं. गुरवाने पाषाणाला पाकळी लावली, कापूर पेटवला आणि बाहेर निघून गेला. दाजी उभे राहून गाऱ्हाणं घालू लागले, "बा रवळनाथा, खडपवाडीचा चेडू आणि आमचो झील, ह्येंचा एक होवचा असात तर तसा दाखव म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

कापूर विझला. पाकळी जागची हलली नाही.

गुरुदासने माझ्या मांडीला चिमटा काढला. "पडना नाय रे."

"थांब जरा," मी म्हणालो. मीही खडपवाडीचाच, विझलेल्या कापराकडेच बघत होतो.

दाजी खाली बसले. मानकरी सैलावले. एकाने पानाची चंची काढली, दुसरा यंदाच्या काजूबद्दल बोलू लागला. दाजींच्या तोंडावर तर चक्क समाधान होतं. ते पाहून गुरुदासच्या कानशिलाची शीर उडायला लागली. त्याने एक गुडघा वर घेतला, मग दुसरा. देव तोंडावर नकार देतोय आणि ही माणसं काजू मोजतायत, म्हणजे यांना हे लग्न नकोच होतं, असा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का झाला. तो उठला.

"देवाचा मन आमका समाजला," तो म्हणाला. "येतंव आमी."

चंची हातातल्या हातात थांबली. दाजी म्हणाले, "पाव्हण्यांनू, बसा. अजून व्हायचा आसा."

"आणखी काय व्हायचा ऱ्हवला?" असं म्हणून गुरुदास पायरी उतरला. मीही मागोमाग उतरलो. कुडाळ येईपर्यंत गुरुदास रवळनाथाला दूषणं देत होता. कुडाळ गेल्यावर देवाची माफी मागत होता. गाडी दोन्ही वेळा तितकीच जोरात चालली होती.

योगिनी पडवीत उभी होती. बापाने पाकळी पडली नाही एवढंच सांगितलं. ती रडली नाही. मागच्या कुंपणाशी मोबाइलला रेंज येई, तिथे जाऊन कौस्तुभशी बराच वेळ बोलली. परत आली ती थेट बापासमोर.

"बाबा, पाकळी पडली नाय ना?"

"नाय. ताच सांगतंय मगासपासून."

"मगे देवान व्हय म्हटलेला होता." ती एकेक शब्द वेगळा करून बोलत होती. "माळगण्यात पाकळी ऱ्हवली तर होकार. गुरव बाहेर नैवेद्याचो भात चुलीर ठेवता. भात शिजासर पाकळी ऱ्हवली, काय देवाचो कौल झालो. पडली, काय नकार. देव व्हय म्हणत होतो आणि मध्येच चेडवाचो बापूस उठान गेलो. अख्खो गाव म्हणता, मोंडकरान देवाच्या तोंडार नाय म्हटल्यान."

पार्वती मासळीची पाटी धूत होती. तिने पाटी पालथी केली आणि तिच्यावर बसली. गुरुदासकडे बघून काही बोलली नाही. आजवरच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून तो जास्त घाबरला.

त्याने तेजस्वीला फोन लावला. ती आता पुण्यात कॉलेजात शिकवत होती. तिच्याशी बोलताना गुरुदास कचेरीतली मराठी काढत असे. "मॅडम, तुमच्या अभ्यासात माळगण्याचा कौल कुठे आहे?"

"नाहीच आहे, काका. कौल आपण फक्त तुमच्याकडे पाहिला. माळगण्यात गाऱ्हाणं सुरू झालं आणि तुम्ही म्हणालात, इथे काय वेगळं असणार, चला, पोचायला उशीर होतोय."

"आणि तुम्ही उठलात?"

"उठले की. मला ताप भरला होता, तुम्ही बोललात ते सोयीचं वाटलं." ती हसली, मग त्याचा आवाज ऐकून थांबली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "काका, मी आता मुलांना पहिल्या दिवशी एवढंच सांगते. एका गावात जितका वेळ बसलात तितकाच दुसऱ्या गावात बसा. एकीकडे बसून आणि दुसरीकडे उभ्याने पाहिलं, तर दुसरं गाव आपल्यासारखंच दिसतं."

"पण मी आता काय करू?"

"बसा," ती म्हणाली.

दाजींचा निरोपही तोच होता, फक्त कमी प्रेमाने. कौल अर्धा राहिलाय. ज्याने मोडला त्यानेच यावं, स्वतः गाऱ्हाणं घालावं आणि पाकळी लागल्यापासून भात शिजेपर्यंत जागचं न उठता बसावं. उठला तर सावंतवाडीला उत्तर जाईल. "तेका विचार," असं दाजी कौस्तुभला म्हणाले होते, "भातभर बसाक जमात काय?"

पुढच्या सोमवारपर्यंत गुरुदासने पडवीत बसण्याचा सराव केला. पहिल्या दिवशी कोणाची तरी होडी किनाऱ्याला लागली आणि तो धावला. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. तिसऱ्या दिवशी काहीच घडलं नाही, तर काही घडत का नाही ते बघायला उठला. योगिनी दारातून हे सगळं बघत होती. रात्री ती जेवत नव्हती.

सोमवारी निघताना पार्वती एवढंच म्हणाली, "हलशात तर थयच ऱ्हवा."

देवळात या वेळी गर्दी होती. खडपवाडीचा माणूस भातभर बसतो का, हे पाहायला आसपासच्या वाड्यांतूनही लोक आले होते. गुरवाने पाकळी लावली. गुरुदासने हात जोडले. तोंडाने कधी न अडणारा माणूस, पण गाऱ्हाणं घालताना त्याला शब्द सापडेनात. "बा रवळनाथा," तो म्हणाला, "माका बसाक येना नाय. पण माझ्या चेडवाचा होवंदे." सगळे सावकाश म्हणाले, "व्हय म्हाराजा."

तो मांडी घालून बसला. गुरव बाहेर गेला. आणि बाहेरून धुराचा लोट आत आला, कारण परतीचा पाऊस लांबला होता आणि लाकडं ओली होती.

ओल्या लाकडांवर भात शिजायला किती वेळ लागतो हे आयुष्यात कधी मोजलं नसेल तर मोजू नका. गुरव फुंकर घालतोय, खोकतोय, ज्योत पेटतेय आणि झोपतेय, हे सगळं गुरुदासला ऐकू येत होतं. त्याचे हात फुंकणीसाठी शिवशिवत होते. "रॉकेल थोडा..." तो पुटपुटला. दाजींनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो गप्प झाला. मुंग्या आल्या, आधी पायाला आणि मग खरोखरच्या, पिंपळाच्या. एक त्याच्या मानेवरून कानापर्यंत गेली आणि परत आली. तो हलला नाही. धुराने शिंक आली तेव्हा त्याने उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला आणि ती शिंक अंगातच कुठेतरी फिरवून जिरवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते धुराचं की आणखी कशाचं, मी विचारलं नाही.

तेवढ्यात पाषाणाच्या मागून पाल आली.

पाल पाकळीच्या दिशेने दोन पावलं आली आणि थांबली. आणखी एक पाऊल. गुरुदासचं सगळं शरीर वर उसळलं, पण बूड जमिनीला धरून राहिलं. त्याने दोन्ही हातांनी आपल्याच मांड्या दाबून धरल्या होत्या. हात वर करावा तर हलल्यासारखं होईल, गप्प राहावं तर शेपटीचा एक फटका आणि योगिनीचं लग्न खाली.

आणि कमी बोलणारे, देवळात उगीच बोटही न हलवणारे दाजी परब यांनी पालीकडे बघून हळूच दोनदा चुटकी वाजवली. "शुक," ते म्हणाले. "जा गो बाय, दुसरीकडे जा."

पाल गेली. दाजी समोर बघत राहिले. कपाळावरचा घाम त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला.

गुरुदास ओठ न हलवता म्हणाला, "आमच्यात पाल हाकलनत नाय. देवाची इच्छा म्हणतत."

"आमच्यात हाकलतत," दाजीही तसेच म्हणाले. "ह्योव फरक काढून ठेवा."

नियमात हे बसतं का, असा एक प्रश्न मागच्या रांगेतून पुढे यायला निघाला होता. दाजींनी मान वळवून त्या रांगेकडे पाहिलं आणि तो आला तिथे परत गेला.

शेवटी गुरव केळीच्या पानावर वाफाळता भात घेऊन आत आला. शितं बोटांनी दाबून पाहिली, पाषाणाकडे पाहिलं. पाकळी होती. "कौल झालो म्हाराजा," तो म्हणाला. गर्दी उठली, घंटा वाजल्या. गुरुदास बसलेलाच होता.

"उठ आता," मी म्हणालो.

"पाय खंय आसत?" त्याने विचारलं. कमरेखाली त्याला काही लागतच नव्हतं. मग दाजींनी एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने काखेत हात घालून त्याला उभा केला. "चला, व्याहीबुवा," दाजी म्हणाले. आतापर्यंत ते त्याला पाव्हणे म्हणत होते.

देवळात मोबाइलला रेंज नव्हती. ती यायची मागच्या काजूच्या टेकाडावर. एरवी एका दमात चढला असता तो माणूस, पण त्या दिवशी लंगडत, दाजींच्या खांद्यावर भार टाकून, दर चार पावलांना थांबत वर गेला. पलीकडे फोनची घंटा पुरती एकदा वाजायच्या आत तो उचलला गेला.

"गो योगिनी," गुरुदास म्हणाला, "भात शिजलो."

पलीकडे योगिनीने तेच घराकडे तोंड करून ओरडून सांगितलं. मग लांबून पार्वतीचा आवाज आला, "नीट शिजलो मां? कच्चो ऱ्हवलो नाय ना? तेंका परत एकदा बघाक सांग गो."